डिजिटल पेंटिंग: कोणता ब्रश कुठे वापरला, याची नोंद

डिजिटल पेंटिंग शिकायला लागलेली मुलं आधी विचारतात ते 'कुठले ब्रश डाउनलोड करू?' मुलांच्या पुस्तकांची चित्रं करता करता मला मात्र दुसराच प्रश्न मोठा वाटायला लागला: मागच्या वर्षीच्या चित्रातली ही रेष मी कशाने काढली होती? काम मिळायला लागलं की हा प्रश्न हमखास पुढ्यात येतो. प्रकाशकाला त्याच पात्रांचं दुसरं पुस्तक हवं असतं. किंवा छपाईला जायच्या तोंडावर निरोप येतो, सोळाव्या पानावरच्या आजीच्या हातात काठी द्या. काठी काढायला पाच मिनिटं पुरतात. पण ती बाकीच्या रेषेशी जुळली नाही, तर चित्रकलेतलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही ती वरून चिकटवल्यासारखी दिसते.

चित्राची फाइल इथे कामाला येत नाही. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फोटोशॉप असो, क्रिता असो की प्रोक्रिएट, साध्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, स्ट्रोक (ब्रशचा फटकारा) उमटला की मागे उरतात ते फक्त पिक्सेल. ब्रशचं नाव त्यात कुठेच नसतं. याला मला ठाऊक असलेला एक सुंदर अपवाद म्हणजे मायपेंट. या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुन्या स्ट्रोकवर कर्सर नेऊन डब्ल्यू दाबलं की ज्या ब्रशने तो काढला तो ब्रश, रंग आणि लेअर परत हातात येतात, कारण त्याच्या ओआरए फाइलमध्ये स्ट्रोकची माहितीही साठवलेली असते. ही सोय सगळ्यांनीच द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर नोंद ज्याची त्याने ठेवायची.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना ब्रश नंबरावरून ओळखायची सवय असते. सहा नंबरचा राउंड म्हटलं की विषय संपला. डिजिटलमध्ये नावावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. एकाच नावाच्या ब्रशची साइज, ओपॅसिटी (रंगाची अपारदर्शकता), फ्लो (रंग किती सुटतो), स्पेसिंग (ठशांमधलं अंतर), टेक्श्चर (पोत) काहीही हलवता येतं, आणि हलवलेलं पुढे टिकतं की नाही हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये निराळं. क्रितात तुम्ही प्रिसेटमध्ये, म्हणजे सेटिंगसकट साठवलेल्या ब्रशमध्ये, बदल करून दुसऱ्या ब्रशवर गेलात आणि परत आलात, की मूळ प्रिसेट येतो. बदल तात्पुरते राखून ठेवायची सोय ब्रश एडिटरमध्ये आहे, पण ती चालू करावी लागते. क्लिप स्टुडिओ पेंटचं नेमकं उलट. तिथे सबटूलमध्ये (तिथल्या प्रत्येक ब्रशला सबटूल म्हणतात) केलेले बदल तसेच राहतात, म्हणजे गेल्या महिन्यातली 'पेन्सिल' आणि आजची 'पेन्सिल' एकच असेल याची खात्री नाही. तिथे मी आधी सबटूलची प्रत काढते, तिला स्वतःचं नाव देते आणि मग लॉक करते. लॉक केलेलं सबटूल पुन्हा निवडलं की मूळ सेटिंगवर येतं.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: एखादा ब्रश हाताला बसला, त्याच्या सेटिंग बदलून तुम्हाला हवी तशी रेष मिळाली, की त्याच क्षणी तो नवा प्रिसेट म्हणून सेव्ह करायचा. चित्र पूर्ण झाल्यावर करू म्हटलं की राहून जातं.

नाव देताना थोडा विचार करा. क्रितासोबत येणाऱ्या ब्रशच्या नावांआधी ए, बी, सी अशी अक्षरं असतात, त्यामुळे खोडरबर, पेन्सिली, शाईची पेनं आपापल्या गटात एकत्र राहतात. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. माझ्या नावांत आधी कामाच्या क्रमाचा आकडा येतो, मग काम, मग ब्रशचा स्वभाव: '१ कच्चं – मऊ पेन्सिल', '२ रेष – कोरडी शाई', '३ भरण – सपाट', '४ पोत – भिंतीचा चुना'. चुन्याचा हा ब्रश मी जुन्या वाड्यांच्या भिंतींसाठी बनवला. 'टेक्श्चर ७' असं नाव ठेवलं असतं तर आज तो शोधताही आला नसता. फाइल दुसऱ्या कुणाच्या मशीनवर जाणार असेल तर नावं रोमन लिपीत ठेवलेली बरी.

आता खरी नोंद. प्रत्येक कामाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर मी 'नोंद' नावाचा एक लेअर ग्रुप ठेवते. त्यात खाली पांढरा लेअर, आणि त्यावर वापरलेल्या प्रत्येक ब्रशची एक ओळ. ओळीत आधी एक लांब स्ट्रोक, अलगद सुरू करून दाब वाढवत नेलेला आणि पुन्हा हलका करत सोडलेला. मग एकमेकांवरून गेलेले दोन आडवे-उभे स्ट्रोक, म्हणजे रंगावर रंग चढल्यावर गडद होतो की नाही ते दिसतं. मग नुसता एक ठिपका. शेजारी हाताने लिहिलेलं: ब्रशचं नाव, साइज, ओपॅसिटी, आणि तो कुठे वापरला. उदाहरणार्थ, '२ रेष – कोरडी शाई, १४ पिक्सेल, १००, माणसांची बाह्यरेषा' आणि त्याखाली 'तोच, ८ पिक्सेल, चेहऱ्याचे बारकावे'. नुसत्या मजकुरापेक्षा हे नमुने कितीतरी जास्त सांगतात. प्रिसेट हरवला, सॉफ्टवेअर बदललं, तरी रेषेचं रूप डोळ्यांसमोर असतं आणि तिच्या जवळ जाणारा ब्रश बनवता येतो. फाइल पाठवण्याआधी हा ग्रुप बंद करायचा, एवढं पथ्य पाळावं लागतं. अनेक पानांचं पुस्तक असेल तर नोंदीची वेगळी फाइल करा, पण ती पानाच्याच मापाची आणि त्याच डीपीआयची, म्हणजे इंचाला तेवढ्याच पिक्सेलची हवी.

डीपीआयवर भर देण्याचं कारण आहे, कारण नवे लोक इथेच गोंधळतात. ए-फोर पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. त्यावर ४० पिक्सेलचा ब्रश छापून आल्यावर साधारण ३.४ मिलिमीटर जाड दिसतो. तेच पान ६०० डीपीआयला घेतलं तर तोच ४० पिक्सेलचा ब्रश १.७ मिलिमीटरचा होतो. म्हणजे 'साइज ४०' एवढंच लिहून भागत नाही. साइज दुप्पट केली तरी काम संपत नाही, कारण ब्रशवर कागदाच्या दाण्याचं पॅटर्न लावलेलं असेल तर ते बहुधा आपल्याच मापात राहतं. रेष जाड होते, दाणा तेवढाच राहतो, आणि खडबडीत खडूसारखा दिसणारा ब्रश एकदम गुळगुळीत वाटायला लागतो. पॅटर्नचं स्केलही त्याच पटीत वाढवावं लागतं.

काही गोष्टी प्रिसेटमध्ये मुळी साठवल्याच जात नाहीत. क्रितात हाताची थरथर सावरणारं स्मूदिंग टूल ऑप्शन्समध्ये असतं, ब्रशमध्ये नाही. टॅबलेट सेटिंगमधला पेनच्या दाबाचा कर्व्हही अख्ख्या क्रितासाठी एकच असतो. प्रोक्रिएटमध्ये मात्र हेच काम करणारं स्ट्रीमलाइन ब्रशसोबतच राहतं. त्यामुळे क्रिता वापरणाऱ्यांनी स्मूदिंगचा प्रकार नोंदीत लिहायलाच हवा. नाहीतर ब्रश तोच, साइज तीच, आणि तरी वळणं जुळत नाहीत.

प्रोक्रिएटवाल्यांसाठी दोन सोयी सांगते. ब्रश लायब्ररीत वर 'रीसेंट' असतं. तिथल्या ब्रशवर डावीकडे स्वाइप केलं की तो पिन करता येतो, किंवा 'फाइंड' करून तो मूळ कुठल्या संचातला आहे हे शोधता येतं. दुसरी, ब्रशच्या सेटिंगमध्ये 'अबाउट धिस ब्रश' मध्ये रीसेट पॉइंट ठेवता येतो, म्हणजे नंतर कितीही प्रयोग केले तरी त्या जागी परतता येतं. फोटोशॉपमध्ये २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून ब्रशसाठी फोल्डर करता येतात. प्रत्येक कामाचं एक फोल्डर करा आणि काम संपलं की ते एबीआर फाइल म्हणून एक्सपोर्ट करून कामाच्या फाइलशेजारी ठेवा.

क्रितात हेच टॅगने होतं. पुस्तकाच्या नावाचा टॅग करायचा आणि त्यात फक्त त्या पुस्तकाचे ब्रश टाकायचे. राइट क्लिकने उघडणाऱ्या गोल पॅलेटवर तो टॅग लावला की तेवढेच ब्रश समोर दिसतात. तिथे मुळात दहाच ब्रश मावतात. तो आकडा वाढवता येतो, पण मी वाढवत नाही. एका पुस्तकाला दहा ब्रश पुरतात असं माझं ठाम मत आहे. हजार ब्रशचा पॅक उतरवून घेणाऱ्याला त्यातला एकही नीट ओळखीचा होत नाही. काम संपल्यावर मॅनेज रिसोर्स लायब्ररीजमधून त्या ब्रशचं बंडल बनवा. नुसती केपीपी फाइल (क्रिताच्या एका प्रिसेटची फाइल) कुणाला पाठवली तर तिच्यासोबतची टिप, म्हणजे ब्रशच्या टोकाचा आकार, किंवा पॅटर्न मागे राहू शकतं. बंडलमध्ये सगळं एकत्र जातं, शिवाय बनवणाऱ्याचं नाव आणि लायसन्सही लिहिता येतं.

लायसन्सची नोंद नवशिके सोडून देतात. ब्रश कुठून आणला, विकत घेतला की मोफत, दुसऱ्याला देता येतो का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय आपले क्रिताचे ब्रश खुल्या परवान्याखाली देतात, ते वाटता येतात. विकत घेतलेले ब्रश मात्र बहुतेक वेळा एकाच माणसासाठी असतात. स्टुडिओत काम करताना सहकाऱ्याने मागितले तरी ते द्यायचे नसतात. स्टुडिओने स्वतःचा ब्रश संच दिला असेल तर त्यातल्या नावांना हात लावू नका. बदल हवा असेल तर प्रत काढून तिच्या नावात आपली आद्याक्षरं घाला.

आणि नोंदच नसलेलं जुनं चित्र समोर आलं तर? ते शंभर टक्के झूमवर उघडा. आधी स्ट्रोकची टोकं पाहा, निमुळती आहेत की बोथट. मग कड पाहा, धारदार की विरलेली. एकच स्ट्रोक स्वतःवरून गेला आहे तिथे रंग गडद झाला असेल तर ब्रश बिल्ड-अप पद्धतीचा आहे, एकसारखा राहिला असेल तर वॉश पद्धतीचा. दाणा ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतो का, तेही तपासा. त्यावरून पॅटर्न आणि त्याचं स्केल सापडतं. एवढ्यावर शोध दोन-तीन ब्रशपर्यंत येऊन थांबतो. मग वर नवा लेअर घेऊन जुन्या रेषेशेजारी त्याच रंगात रेष ओढून बघायची, आणि जुळणारा ब्रश मिळाला की त्याच फाइलमध्ये 'नोंद' ग्रुप उघडून पहिली ओळ भरायची.