काकांना लिनक्स लावून देताना टर्मिनल किती दाखवायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि गिरगावातल्या आमच्या काकांचा लॅपटॉप विंडोज ११ साठी चालणारा नव्हता, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी (वेगवान डिस्क) आणली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली. काका सोसायटीचे सेक्रेटरी, काम काय तर मराठीत नोटीस टाइप करायची, प्रिंट काढायची, लाइट बिल भरायचं. तुमच्या घरीही असंच कोणी असेल तर असं करा.

आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड, हे चारही त्यांनाच वापरून बघू द्या, कारण इथे अडलं तर अजून काहीच पुसलेलं नसतं. फायलींचा बॅकअप घ्या आणि इन्स्टॉल करताना येणारा डिस्क पुसायचा स्क्रीन मात्र स्वतः हाताळा, तिथे चुकून दुसरी डिस्क निवडली गेली तर सगळा डेटा जातो.

नंतर टाइमशिफ्ट लावा, ते सिस्टिमची त्या वेळची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, घेतं; आठवड्याला एक, दोन-तीन ठेवले तरी पुरे. अपडेटने काही बिघडलं तर सिस्टिम मागे नेता येते. पण लक्षात ठेवा, त्यात आपल्या नोटिसा-फोटोंसारख्या फायली साधारणपणे धरलेल्या नसतात, त्या पेन ड्राइव्हवर वेगळ्या ठेवा.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करून काम करायची खिडकी. रोजच्या कामाला त्याची गरज पडता कामा नये, हे माझं ठाम मत आहे, पडली तर ती डिस्ट्रोची (मिंटसारख्या लिनक्सच्या प्रकाराची) कमतरता समजा. पण लपवूनही टाकू नका, मेनूत आहे तिथे राहू दे. एकदा उघडून दाखवा आणि पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या चांदण्या (*) उमटतात हे आधीच सांगा, काकांना वाटलं कीबोर्डच बिघडला. नेटवरून कॉपी केलेली सुडोवाली (सिस्टिम बदलायचे पूर्ण अधिकार देणारी) कमांड मला विचारल्याशिवाय चालवायची नाही, एवढं एकच बंधन घातलंय.

आणि एरर वाचायला शिकवाच. मध्ये एकदा अपडेट होईना, काकांनी तपशील उघडून फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी दादरला गाडीची वाट बघत उभा, फोटोत लिहिलेलं 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग', म्हणजे सर्व्हरचा पत्ताच सापडत नव्हता, म्हणजे नेटच नाही. म्हटलं काका राउटर बघा, तर काकूंनी मिक्सर लावायला त्याचा प्लग काढलेला. तिथे नुसतं 'काहीतरी चुकलं' एवढंच आलं असतं तर मला गिरगावला जावं लागलं असतं! म्हणून डिस्ट्रो निवडताना एवढं नक्की बघा, की समोर साधी भाषा आहे का आणि एका क्लिकवर खरा मजकूर मिळतो का.

अपडेटचा ढालीचा आयकॉन दाखवून ठेवा, दर रविवारी चहा झाला की काका स्वतः बघतात.