गेल्या वर्षीच्या मुलासाठी यंदाची खरेदी: सणाच्या भेटवस्तू घेताना या चुका टाळा

सणाच्या सुट्टीआधीची भेटवस्तूंची खरेदी फसते ती बहुतेक वेळा जुन्या माहितीमुळे. आपल्या डोक्यातलं मूल गेल्या सणाचं असतं. मोठ्यांना एका वर्षाचं काही वाटत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाचं ते पाचवा हिस्सा आयुष्य असतं. पूर्वी ज्याला डायनासोरशिवाय झोप येत नव्हती, तोच यंदा डायनासोरचं पांघरूण उघडून 'हे कुणाचं?' असं विचारतो. त्यामुळे यादी करण्याआधी दोन-चार दिवस फक्त बघा: मूल सध्या कशाशी आपणहून खेळतं, कशाबद्दल बोलतं आणि कशाकडे ढुंकूनही बघत नाही.

खोक्यावरचं वय 'आमचा हुशार आहे' म्हणून सोडून देणं

'३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' या इशाऱ्याचा हुशारीशी काही संबंध नाही, तो घशात अडकू शकणाऱ्या सुट्या भागांसाठी असतो. खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात. सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला, तर तो लहानग्याच्या हाती द्यायचा नाही. खरी अडचण भावंडांच्या घरात येते. मोठीसाठी आणलेल्या संचातले बारीक तुकडे रांगणाऱ्या धाकट्याला बरोबर सापडतात. असा संच घ्यायचाच असेल, तर तो कुठे ठेवायचा आणि कोणत्या टेबलावर उघडायचा हे आधीच ठरवा.

दोन गोष्टींबाबत मी अजिबात सूट देणार नाही. पहिली म्हणजे बटन बॅटरी, म्हणजे नाण्यासारखी चपटी छोटी बॅटरी. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं आहे ना, ते दुकानातच बघा. गाणं वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रांतही हीच बॅटरी असते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ताकदवान छोटी चुंबकं. एकापेक्षा जास्त गिळली गेली, तर ती आतड्याच्या भिंतींआडून एकमेकांना ओढतात. दोन्हींपैकी काही गिळल्याचा नुसता संशय आला, तरी वाट न बघता रुग्णालय गाठा.

लहानग्यासमोर ढीग लावणं

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६. चारच खेळणी समोर असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ढीग आधीच जमला असेल, तर अर्धी खोकी न उघडता माळ्यावर टाका आणि महिन्या-दीड महिन्याने एकेक काढा. मुलाला या वयात हिशेब लागत नाही. हिशेब लागतो तो काका-मावशांना, म्हणून 'आपण सगळे मिळून एकच मोठं काहीतरी घेऊ' हे त्यांना खरेदीआधीच सांगून टाका.

सगळ्या भावंडांना एकाच मापाने मोजणं

रुसवे-फुगवे होतात ते इथेच, आणि त्यात आईबापांचा हेतू वाईट नसतो. दोघांवर अगदी सारखा खर्च केलेला असतो, तरी धाकटा रडतो. का? स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलं, की लहान मुलांसमोर तेवढेच मणी लांब अंतरावर मांडले, तर त्यांना ते जास्त वाटतात. ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास बदलू लागते. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी जास्त जागा अडवेल ते जास्त. ताईचं लहानसं पण महागडं खोकं आणि आपली तीन पाकिटं यांत तो स्वतःला श्रीमंत समजतो. वाटणी उलटी झाली, की कांगावा सुरू.

दहाच्या पुढचं मूल किंमत काढतं, तीही फोनवर, तुमच्यासमोर. पंधरा-सोळाव्या वर्षी तर 'मला त्या वयात हे मिळालं नव्हतं' असा जुना हिशेबही बाहेर येतो. म्हणून लहानांमध्ये पाकिटांची संख्या सारखी ठेवा आणि मोठ्यांमध्ये खर्चाची मर्यादा. वयात फार अंतर असेल, तर मोठ्याला बाजूला घेऊन सरळ सांगा: तुझी एकच वस्तू आहे, पण ती महाग आहे, धाकट्याची पाकिटं जास्त दिसतील. मोठ्या मुलांना हे गुपित सांभाळायला आवडतं.

वाढत्या अंगाचे कपडे ठीक, पण वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. पाय जमिनीला टेकत नसलेली सायकल वर्षभर भिंतीला टेकून राहते.

किशोरवयीन मुलाला चकित करायचा हट्ट

भेटवस्तूंच्या देण्याघेण्यावर संशोधन करणारे जेफ गॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: देणाऱ्याचं लक्ष पाकीट उघडण्याच्या क्षणावर असतं, तर घेणाऱ्याचं ती वस्तू पुढे किती कामी येईल यावर. किशोरवयात ही दरी फार रुंदावते. तुम्हाला हवा असतो चेहऱ्यावरचा आनंद, त्याला हवं असतं ठरावीक मॉडेल, ठरावीक रंगात. विचारा, लिंक मागवा आणि बजेट सुरुवातीलाच सांगा. पावती जपून ठेवा, बदलून आणायला त्यालाच पाठवा. पैसे किंवा गिफ्ट कार्ड दिल्याने प्रेम कमी होत नाही. आजी-आजोबांना हे पटवायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

या वयात सर्वात जास्त बोचते ती सुधारायला आणलेली भेट: गजराचं घड्याळ, परीक्षेची पुस्तकं, वजनकाटा. ती वस्तू खरोखर लागत असेल, तर एरवी आणा, सणाला नको. फोनसारखी वस्तू देणार असाल, तर वापराचे नियम आधी बोला. पाकीट उघडल्यावर सांगितलेली अट त्याला फसवणूक वाटते.

मुलं कायम घेणारीच राहतील असं समजणं

सहा-सात वर्षांचं मूल भावंडासाठी, आजीसाठी काहीतरी निवडू शकतं. रक्कम ठरवून द्या, निवड त्याची. आजीला चमकी लावलेली केसांची क्लिप मिळेल, मिळू दे.

पोरं कमावती झाल्यावरही जुना थाट चालू ठेवणं

त्यांच्या लहान घरात आता जागा नसते, आणि तुम्हाला परतभेट देण्याचं ओझंही त्यांच्यावर येतं. जावई, सुना, नातवंडं आली की यादी वाढतच जाते. अशा वेळी मोठ्यांनी आपापसात चिठ्ठ्या टाकून एकेकाचं नाव काढावं, किंवा वस्तू फक्त लहानांसाठी असं ठरवावं. हा विषय सण तोंडावर आल्यावर काढू नका; तोवर कुणीतरी अर्धी खरेदी उरकलेली असते आणि तेच माणूस दुखावतं. दोन-अडीच महिने आधी घरच्या ग्रुपवर टाका, आणि पहिल्यांदा आईवडिलांनीच म्हणावं, 'यंदा आम्हाला काही आणू नका.' मुलांना ते सुचवणं फार अवघड जातं.