गिटहबवर टीमला ॲक्सेस देताना

संभाजीनगरात पाच-सात जणांची टीम, त्यात लातूर-नांदेडची इंटर्न पोरं. अशा ठिकाणी कोड बहुधा गिटहबवर (कोड ठेवायची साइट) कुणाच्या तरी वैयक्तिक अकाउंटवर पडलेला असतो. तिथं खासगी रेपोत (प्रोजेक्टच्या कोडचं फोल्डर) नुसता 'रीड', म्हणजे फक्त वाचायचा ॲक्सेस देताच येत नाही, कुणी कोलॅबरेटर (ॲक्सेस दिलेला सोबती) झाला की तो पुशही करणार, म्हणजे कोडमध्ये बदल चढवणार. म्हणून आधी ऑर्गनायझेशन (टीमचं सामायिक अकाउंट) काढा, रेपो तिकडं ट्रान्सफर करा.

मग सेटिंग्जमधल्या मेंबर प्रिव्हिलेजेसमध्ये बेस परमिशन (प्रत्येक मेंबरला आपोआप मिळणारी परवानगी) 'रीड'वरून 'नो परमिशन' करा. नाहीतर कालचा इंटर्नही सगळे रेपो वाचतो. ॲक्सेस माणसाला नको, टीमला द्या: इंटर्नना ट्रिआज (कोड न बदलता इश्यू हाताळणं), डेव्हलपरना राइट (कोड बदलणं), लीडला मेंटेन (रेपो सांभाळणं). ॲडमिन दोघंच पुरे.

'रीड दिलंय, तरी पुश कसं होतंय?' दोन वाटांनी परवानगी मिळाली की मोठी लागू होते. दुसरी टीम, थेट दिलेला ॲक्सेस आणि पॅरेंट टीम (जिच्या परवानग्या खालच्या टीमला आपोआप मिळतात), तिन्ही तपासा.

मेन ब्रँचला (कोडची मुख्य प्रत) प्रोटेक्शन लावून किमान 1 अप्रूव्हल, म्हणजे बदलाला दुसऱ्याची मंजुरी, सक्तीचं करा. खासगी रेपोला मात्र त्यासाठी पैशाचा प्लॅन लागतो.

कुणी सोडून गेलं तर ऑर्गनायझेशनमधून काढाच, पण डिप्लॉय की (सर्व्हरला रेपोत शिरायची किल्ली) सुद्धा बदला. ती रेपोला चिकटलेली असते, माणूस गेला तरी चालूच राहते.