रिंगमागची पोकळी मृगाआधी भरा

यंदाच्या उन्हाळ्यात ज्यांनी विहीर खोदून रिंग, म्हणजे आतून काँक्रीटची गोल भिंत, टाकली आहे, त्यांनी मोटार सोडायच्या आधी एक काम करावं. लांब पहार किंवा १२ मिमीची सरळ सळई घ्या. रिंगच्या बाहेरच्या अंगाला खेटून, दर चार पावलांवर ती खाली दाबत विहिरीभोवती एक फेरा मारा. वीतभर जाऊन अडली तर ठीक. नुसत्या हाताच्या जोरावर कमरेइतकी खाली गेली, तर तिथं भराव नाही, पोकळी आहे. तिथं चुन्याची खूण करा आणि पेरणीची दुसरी कुठलीही तयारी मागं ठेवून आधी ती बुजवा. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी रोहिणीतच एखादा वळवाचा सडकून पाऊस होतो, म्हणजे हातात मोजके दिवस आहेत.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत मी बऱ्याच विहिरी खचताना पाहिल्या आहेत. खोदताना खचलेल्या त्यात थोड्या. भर पावसात खचलेल्या त्याहून थोड्या. बहुतेक विहिरी गेल्या त्या दिवाळीच्या पुढंमागं, रब्बीचं पहिलं पाणी चालू असताना. आणि कारण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच निघालं: रिंगच्या मागं काही भरलेलंच नव्हतं, किंवा जे भरलं होतं ते भरायला नको होतं.

एक विहीर डोळ्यापुढून हलत नाही. २० फूट व्यास, ३५ फूट खोली, वरून २० फूट रिंग, पाच-पाच फुटांचे चार टप्पे. वीस दिवसांचा गहू चार एकर उभा होता. म्हणजे मुकुटमुळं फुटायची वेळ, जे पाणी चुकवायचंच नसतं तेच पाणी. दोन मोटारी रात्रंदिवस लावून दोन दिवसांत विहीर तळाला नेली. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या बाजूनं जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग दिसली, पंजा आत जाईल एवढी. दुपारी ती बाजू आत आली ती दोन्ही मोटारींसकट. मी पडलेले तुकडे उलटून पाहिले. काँक्रीट चांगलं होतं, सळई चांगली होती. पण तुकड्यांच्या बाहेरच्या अंगाला सेंट्रिंगच्या प्लेटांचे, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या पत्र्यांचे, ठसे कोरे करकरीत होते, मातीचा कणही चिकटलेला नव्हता. पाच महिने त्या रिंगला मागून कशाचाही आधार नव्हता.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे कुणी काही सांगितलं तरी फसणार नाही. गोल रिंग चारी अंगांनी सारखी दाबली गेली की उलट घट्ट होते, तिची सगळी ताकद त्या गोलाईत आहे. पण एका बाजूला पोकळी आणि दुसऱ्या बाजूला भिजलेली काळी माती असली, तर दाब एकाच अंगानं येतो. रिंग लांबट होते आणि वाकते. सहा इंच जाडीचं काँक्रीट वाकण्यासाठी बनलेलं नसतं. त्यात पावसाचं पाणी पोकळीत साठून राहतं. १० फूट पाणी मागं उभं असेल, तर तळाशी चौरस मीटरला सुमारे ३ टन दाब येतो. विहीर भरलेली असेपर्यंत आतलं पाणी त्याला तोलून धरतं. दोन मोटारींनी आतलं पाणी झपाट्यानं उपसलं की तो तोल गेला. म्हणून विहीर सहसा पावसात खचत नाही, उपशात खचते.

आणि पोकळी राहते कशामुळं? रिंगवाला फुटावर पैसे घेतो. किती फूट रिंग टाकली ते मोजता येतं, मागचा भराव फुटात मोजला जात नाही. दोन्ही बाजूंनी प्लेटा लावून काँक्रीट ओतलं की प्लेट आणि खोदलेली भिंत यांच्यामध्ये अर्ध्या फुटापासून दीड फुटापर्यंत जागा उरते. प्लेटा निघतात, माणसं पुढच्या गावाला जातात. शेतकरी मग जेसीबी बोलावून काठावरची काळी माती त्यात लोटून देतो, वरून सपाट दिसलं की समाधान होतं. ठरवतानाच सांगा: भराव झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

भरायचं काय? बाजारातून काही आणायची गरज सहसा पडत नाही. विहिरीतून निघालेला डबर आणि कठीण मुरूम बांधावर पडलेलाच असतो. हिशोब असा: २० फूट व्यासाच्या विहिरीला सहा इंची रिंग आणि मागं एक फूट जागा असेल, तर दर फूट उंचीला सुमारे ७० घनफूट भराव लागतो. १५ फुटांना १० ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). जागा अर्धा फूट असेल तर निम्मा. खर्च फक्त मजुरीचा.

तळाला, खडकाला लागून, मुठीएवढे गोटे आणि डबर. त्यावर खडी, त्यावर बारीक खडी किंवा चाळलेला टणक मुरूम. वरचे तीन-चार फूट मात्र वेगळे. तिथं पाणी मुरू द्यायचं नाही, म्हणून पिवळी माती किंवा चिकट मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं ओलावून धुमसानं कुटायचा आणि वर बाहेरच्या उताराचा काँक्रीटचा पट्टा द्यायचा. काळी माती कुठंच नको. ती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि त्या भेगांतून पुढच्या पावसाचं पाणी सरळ रिंगमागं उतरतं.

भराव चारी बाजूंनी एकसारखा वर आणायचा, फूट-फूट करून. ट्रॉली एका अंगाला उलटी केली की ताजी रिंग तिथंच सरकते. काँक्रीट निदान दहा दिवसांचं झाल्याशिवाय भरायला घेऊ नका. ट्रॅक्टर, जेसीबी काठापासून दहा फूट लांब ठेवा, माल घमेल्यानं टाका. खडी टाकताना वरून पाणी सोडत राहिलं की ती आपोआप बसते.

जुन्या रिंगच्या मागं वरून माती दाबलेली असेल तर पहार अडेल, पण खाली पोकळी असू शकते. तिथं आतून यारीच्या (माल वर-खाली करायच्या यंत्राच्या) पाळण्यात सुरक्षित बसून हातोडीनं ठोकून पाहा. भरीव ठिकाणी टणक आवाज येतो, पोकळ ठिकाणी रिकाम्या डब्यासारखा. शंका राहिली तर वरच्या कडेला छोटा खड्डा करून दोन ड्रम पाणी ओता. पाणी बघता बघता गायब झालं तर वरची माती उकरा आणि नीट भरा.

आता होलांबद्दल. रिंगला पाण्यासाठी होल ठेवलेच पाहिजेत. मागचं पाणी आत यायला वाट नसेल, तर चांगला भरावही अर्धंच काम करतो. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे, काँक्रीट ओतायच्या आधीच प्लेटांमध्ये बसवायचे. तीन-चार फुटांच्या अंतरानं, वरच्या ओळीतला तुकडा खालच्या दोघांच्या मध्ये येईल असे. उतार विहिरीच्या आतल्या बाजूला, मागच्या तोंडाला बारीक जाळी. जमिनीपासून पहिल्या आठ फुटांत होल ठेवू नका. तिथून येणारं पाणी शेणखताचं, फवारणीचं, गोठ्याचं असतं. खाली झरा लागला असेल त्या जागी होल दुप्पट ठेवा. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण जिथं केलं तिथं रिंग उभी आहे.

इथंच दुकानदाराचं ऐकू नका. आतून लावायचा वॉटरप्रूफ रंग, काँक्रीटमध्ये घालायचं महागडं द्रावण, ‘एक थेंब झिरपणार नाही’ अशी हमी. ही टाकी नाही, विहीर आहे. तिला झिरपायलाच हवं. माझ्या ओळखीच्या एका बागाईतदाराला असा रंग आणि होल बुजवायचा मसाला दोन्ही विकले गेले. ते पैसे खडीला घातले असते तर दोन ब्रासच्या वर माल आला असता. सिमेंटमध्ये बघायची गोष्ट एकच: गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष. तीन महिन्यांहून जुनी गोणी रिंगला वापरू नका, भाव कितीही कमी असला तरी.

काँक्रीटची मापं:

- प्रमाण १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी)
- एका गोणीला साधारण पावणेदोन ते दोन घनफूट वाळू, पावणेचार घनफूट खडी
- पाणी गोणीला २५ ते २७ लिटर, त्यापुढं नाही
- २० फूट व्यास, ६ इंच जाडी: दर फूट उंचीला सुमारे ७ गोण्या
- सळईचा जोड तिच्या जाडीच्या ५० पट: १० मिमीला २० इंच
- सळईवर काँक्रीटचं आवरण दीड इंच
- मे महिन्यात पाणी मारायचं: साध्या सिमेंटला १० दिवस, पीपीसीला (राख मिसळलेलं सिमेंट) १४ दिवस
- दोन टप्प्यांमध्ये उभ्या सळया २० इंच बाहेर, जुना पृष्ठभाग टोचून, धुऊन, सिमेंटची खीर लावून मगच पुढचा टप्पा

पाण्याचं माप सांगितलं ते पाळा. मिक्सरवाला काम सरकावं म्हणून पाणी वाढवतो, आणि मग दोन टप्प्यांच्या सांध्यात वाळूच हाताला लागते.

रिंग कशावर बसली आहे हेही बघा. खडकाला लागल्यावर दीड-दोन फुटांची बैठक सोडून मग खालचं खोदकाम आत घ्यायचं. रिंग खडकाच्या अगदी ओठावर ठेवली आणि खाली सुरुंग घेतला, तर बैठक उडते. सुरुंगाचं काम आधी, रिंग नंतर. आपल्याकडं काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लाल गेरूचा पट्टा लागतो. कोरडा असताना तो पहारीला दाद देत नाही, म्हणून माणूस त्यालाच खडक समजतो. पाणी लागलं की तोच बोटानं सुटतो. गेरूचं एक ढेकूळ बादलीत टाकून रात्रभर ठेवा. सकाळी चिखल झालेला दिसला, तर रिंग त्याच्यावर ठेवायची नाही, त्याच्याही खाली न्यायची.

नदीकाठी, गोदावरीच्या गाळाच्या पट्ट्यात, खडक लवकर लागत नाही. तिथं रिंग वरून खाली उतरवत नेतात. अशा कामात वरच्या रिंगच्या खालची माती एकदम सगळीकडून काढू नका. चौथा हिस्सा खोदा, तिथं काँक्रीट ओता, मग समोरचा चौथा. काळ्या मातीत एका वेळी चार फुटांपेक्षा खोल जाऊ नका, आणि सकाळी खोदलेला टप्पा संध्याकाळच्या आत ओतून मोकळे व्हा. रात्रभर उघडी राहिलेली काळी माती सकाळी भेगाळलेली सापडते.

ज्यांचं काम अर्धवट आहे आणि ढग आले आहेत, त्यांनी घाई करून शेवटचा टप्पा ओतू नये. पहिल्या पावसात ओतलेल्या टप्प्याची बैठक चिखलाची होते. त्याऐवजी काठापासून सहा फुटांवर दीड फुटाचा मातीचा बांध घाला, बाहेरून चर काढून पाणी उताराला लावा, उघड्या मुरमावर ताडपत्री किंवा जुनं शेततळ्याचं कापड अंथरा आणि काम दिवाळीनंतरपर्यंत थांबवा. एक रब्बी कमी पाण्यावर काढावी लागली तरी चालेल.

विहिरीत उतरण्याबद्दल एकच सांगतो, आणि ते ऐकाच. डिझेल इंजिन विहिरीच्या आत चालू करून कुणीही खाली राहू नये. दिवा विझला नाही म्हणून हवा चांगली, असं जुनी माणसं म्हणतात. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू दिव्याला कळत नाही, माणूस मात्र त्यानं जागेवर पडतो. कमरेला दोर आणि वर दोन माणसं, त्याशिवाय उतरू नका.

बाकीची पावसाआधीची कामं:

- कठडा जमिनीपासून निदान तीन फूट
- पॅनेल पेटी उंचावर, अर्थिंग तपासून
- फूटव्हॉल्व्हची जाळी साफ
- गोठ्याचं पाणी, उकिरडा विहिरीपासून लांब वळवणे
- फवारणीची टाकी विहिरीच्या काठावर भरायची बंद
- बंद पडलेल्या बोअरला लोखंडी झाकण वेल्डिंग करून. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सूचनेप्रमाणे चालू बोअरच्या केसिंगभोवतीही काँक्रीटचा ओटा

ज्यांनी भराव केला त्यांनीसुद्धा पहिल्या वर्षी उपसा जपून करायचा. नवीन रिंगची विहीर दिवसाला तीन-चार फुटांपेक्षा जास्त खाली नेऊ नका. हा माझा अदमास, कागदावरचा नाही. उपसा थांबवल्यावर रिंगच्या होलांतून पाण्याच्या धारा किती वेळ चालतात ते बघा. धारा बारीक होईपर्यंत मोटार परत लावू नका, कारण तेवढं पाणी अजून मागं उभं आहे. एका बाजूच्या होलांतून पाणी आणि दुसऱ्या बाजूचे होल कोरडे असतील, तर कोरड्या बाजूची जाळी गाळानं तुंबलेली असू शकते. सळईनं ते मोकळे करा.

रिंगला केसासारखी चीर दिसली तर घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. चिरेच्या आडवी हाताच्या बोटाएवढी सिमेंटची पट्टी लावा आणि ती ओली असतानाच तीवर खिळ्यानं तारीख कोरा. दर आठवड्याला पाहा. पट्टी अखंड असेल तर चीर जुनी आहे. पट्टी तुटली तर त्याच दिवशी मोटार बंद करा, पाणी वर येऊ द्या, त्या बाजूची वरची माती उकरून मागं काय आहे ते पाहा, आणि पंचायत समितीच्या अभियंत्याला बोलावून दाखवल्याशिवाय पुन्हा उपसा सुरू करू नका.