ओढणाऱ्या कुत्र्याबरोबर धावायचंय? आधी हार्नेस नीट बघा

हार्नेस म्हणजे कुत्र्याच्या छाती-पाठीवर बसणारा पट्ट्यांचा साज. त्याची ऑर्डर देण्याआधी घरातली शिवणकामाची टेप शोधून ठेवा. कुत्र्याला सरळ उभं करायचं आणि दोन मापं घ्यायची: मान खांद्याला मिळते तिथला घेर आणि पुढच्या पायांच्या मागे छाती सर्वांत रुंद भरते तिथला घेर. केसाळ कुत्रा असेल तर टेप केसांच्या आत, अंगालगत जाऊ द्या. वजनावरून साइज ठरवू नका. तेवढ्याच वजनाचा लॅब्रॅडॉर पिंपासारखा गोल असतो, डॉबरमन खोल छातीचा नि अरुंद.

मग लीश (हातात धरायची दोरी) अडकवायच्या कड्या बघा. कडी फक्त पाठीवर असेल तर कुत्रा छाती टेकवून मजेत ओढतो. बर्फावरच्या स्लेजच्या कुत्र्यांचा ताणही मागूनच येतो. छातीवरच्या कडीला लीश अडकवली, की ओढल्याबरोबर त्याचं अंग बाजूला वळतं आणि जोर वाया जातो. ओढणं कमी करणाऱ्या ‘नो-पुल’ हार्नेसमधली करामत एवढीच. पण धावताना हीच कडी नडते. लीश पुढच्या पायांत येते, ताण एका बाजूने राहिला तर चाल तिरकी होते. म्हणून दोन्हीकडे कडी असलेलाच घ्या, थोडा महाग पडला तरी. धावायच्या जागेपर्यंत चालत जाताना पुढची कडी, पळायला लागलं की मागची. मागच्या कडीवर आल्याआल्या तो पुन्हा ओढायला लागला, तर अजून पळायची वेळ आलेली नाही. चालण्याचा सराव वाढवा. हार्नेस ओढणं अवघड करतो, सोबत चालायला शिकवायचं काम आपलंच.

खांद्यांकडे मात्र जरा जास्त वेळ द्या. समोरून पाहिलं तर पट्टे वाय अक्षरासारखे छातीच्या हाडावर मिळून दोन पायांच्या मधून खाली गेलेले हवेत. कितीतरी नो-पुल हार्नेसना छातीवरून सरळ आडवा पट्टा असतो. चालताना तो फारसा जाणवत नाही, पळताना खांदा पूर्ण पुढे जायला अडतो. आमच्या बंड्याचा पहिला हार्नेस तसलाच होता. हा फार लवकर दमतो, असं मी तीन आठवडे सगळ्यांना सांगत होतो. दमत कसला, त्याची पावलंच आखूड पडत होती. एकदा हार्नेस काढताना काखेत बोट गेलं आणि तो कळवळला. बघितलं तर तिथले केस उडालेले, कातडी लालभडक. तेव्हापासून घालून झालं की मी त्याचा पुढचा पंजा धरून हळूच पुढे ताणून बघतो. पट्टा आड आला तर हार्नेस परत. पोटाखालचा पट्टाही काखेत घुसलेला नको, दोनतीन बोटं मागे हवा.

प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, पण त्याहून सैल नको. मग घरातच त्याच्या समोर उभं राहून लीश हळू आपल्याकडे ओढा. घाबरलेला कुत्रा मागे सरकत हार्नेसमधून अलगद निसटतो, ते रस्त्यावर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. ओढलं की आवळणारा प्रकार घेऊ नका. तोंडावर बसणारा पट्टाही धावण्यासाठी नको, हिसका थेट मानेला बसतो. गुंडाळत जाणारी लीश घरीच ठेवा.

लीश कमरेला बांधून धावताना कुत्र्याला मुद्दाम ओढू देतात, तो कॅनिक्रॉस. त्याचा हार्नेस वेगळा आणि लीश लवचीक असते. दोन्ही करणार असाल तर दोन वेगळे हार्नेस ठेवा, म्हणजे आज ओढायचं की नाही ते त्यालाही कळेल.

कुत्र्याची वाढ पूर्ण झाली आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या; मोठ्या जातींना दीड वर्षही लागतं. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना धावायला नेऊच नका. ऊन असेल तर हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर त्याच्या पंजांनाही झेपणार नाही.

पहिल्या धावेनंतर काखा आणि छाती हाताने चाचपा. पट्टे ओले झाले असतील तर वाळवूनच पुन्हा घाला, ओला पट्टा जास्त घासतो. आणि दुसऱ्या दिवशी हार्नेस हातात घेताच तो पलंगाखाली शिरला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी पट्टा कुठे बोचतोय ते शोधा.