पहिल्या पावसाचं पाणी तळ्यात घेऊ नका

पाऊस तोंडावर आलाय, बाकी कामं राहू द्या, आधी माशांच्या तळ्यात पाणी आणणारी चारी बंद करा. दरवर्षी तेच बघतोय, तळं आटलेलं असतं, पहिली सर आली की चारी उघडी टाकतात आणि फुकटचं पाणी आलं म्हणून खूश होतात. अहो, उन्हाळाभर रस्त्यावर, गॅरेजपुढं, भंगार-बॅटरीच्या ढिगात, कारखान्यामागं जे काही साचलं ते शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं सगळं त्याच पाण्यातून येतं. पहिले दोन-तीन मोठे पाऊस बाहेर काढून द्या, मग घ्या.

मासे लगेच मरत नाहीत, हाच घोळ आहे. मरले असते तर निदान कळलं असतं. जड धातू कुजत नाहीत, गाळात जाऊन बसतात, आणि मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे तोच गाळ उकरून खातात. शिसं-कॅडमियम जास्त करून कल्ले, यकृत, मूत्रपिंडात साठतं, पण पाऱ्याचं तळातल्या बिनऑक्सिजनच्या गाळात मिथाइल मर्क्युरी होतं आणि ते थेट मांसात जातं, शिजवूनही जात नाही. जपानात मिनामाटाला 1956 साली जो आजार उघडकीला आला तो असेच मासे खाऊन झालेला.

पाणी मऊ आणि आम्लधर्मी असेल तर धातूंचं विष जास्त चढतं. म्हणून अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) मोजा. 50 मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली असेल तर शेवाळावर मोरचूद (कॉपर सल्फेट) मारूच नका, मासे जातील. वर असेल तर अल्कलिनिटी भागिले 100, तेवढेच मिग्रॅ प्रति लिटर, आणि तेही नाइलाज असेल तरच, कारण ते तांबंही शेवटी गाळातच राहतं.

आता दुकानदार 'हेवी मेटल बाईंडर'चं, म्हणजे जड धातू बांधून ठेवणाऱ्या पावडरीचं, पाकीट पुढं करेल. हिशोब करा, एक हेक्टर तळं, एक मीटर पाणी, त्यात एक किलो पावडर म्हणजे लिटरला 0.1 मिग्रॅ! त्यानं काय होणार? आणि बांधला गेला तरी धातू तळ्यातच ना, बाहेर कुठं गेला. तेवढ्या पैशात गाळाची टेस्ट करा. साधं किट पीएच, अमोनिया सांगतं, शिसं नाही सांगत, त्याला लॅबच लागते. चारीच्या तोंडाशी आणि सगळ्यात खोल जागी, वरचा 5-10 सेंमी गाळ, वेगवेगळ्या स्वच्छ प्लास्टिक पिशवीत. पाण्याची बाटली लॅबकडूनच आणा, त्यात ॲसिड घालावं लागतं.

माझा आपला एक अंदाज, कागदावर नाही: चारीच्या तोंडाजवळच्या गोगलगायी अचानक नाहीशा झाल्या तर पाण्यात तांबं किंवा दुसरं काही विषारी आलंय असं धरून चाला, आणि मासे त्या बाजूला जायचं टाळत असतील तर चारी तिथल्या तिथं बंद.

बाकी नेहमीचं:
- पीएच 6.5 ते 8.5
- ऑक्सिजन पहाटे मोजा, 5 मिग्रॅच्या वर हवा
- पारदर्शकता 30-40 सेंमी
- मासे असताना कळीचा चुना नको, चुनखडी पावडर चालेल
- बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) पाणी स्थिरावल्यावरच सोडा
- ढगाळ दिवशी खाद्य कमी

आणि उन्हाळ्यात काढलेला गाळ रिपोर्ट येईपर्यंत भाजीच्या वावरात टाकू नका, बांधावर तर अजिबात नको, पावसानं धुपून परत तळ्यातच येतो.