तळे आणि खाजन सांभाळताना या चुका टाळा

गावातले तळे साफ करायचे ठरले की आधी जेसीबी येतो. लव्हाळी ओरबाडली जाते, गाळ उपसला जातो आणि चहूबाजूंनी चिऱ्यांची उभी भिंत चढते. फोटोत तळे देखणे दिसते, पण पुढच्या पावसाळ्यात तिथे बेडूक ओरडत नाहीत. जिवांची खरी वस्ती काठालगतच्या उथळ, गवताळ पट्ट्यात असते. बेडूक तिथेच अंडी घालतात, चतुराची पिल्ले तिथेच वाढतात. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच घरटे करतो. भिंत टाळता येत नसेल तर निदान एक बाजू उतरती, मातीची ठेवा, आणि सगळा गाळ एकाच वर्षी काढू नका.

पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले की कुणीतरी विष टाकले असा बोभाटा होतो. विषबाधा असूही शकते, पण बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. रात्री वनस्पती तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यात सांडपाणी आणि कुजणारा पाला असेल तर पहाटेपर्यंत काही उरत नाही. अशा वेळी ब्लीचिंग पावडर टाकणे म्हणजे उरलेसुरले जीवही मारणे. सांडपाण्याची वाट आधी बंद करा. जलपर्णी थोडी थोडी काढा आणि पाण्यापासून लांब टाका.

डासांच्या अळ्या खातो म्हणून गांबुसिया हा बाहेरून आणलेला मासा तळ्यात सोडणे ही आणखी एक चूक. तो बेडकांची अंडी आणि पिल्लेही खातो. कपाळावर चमकता ठिपका असलेला आपल्याकडचा छोटा मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो, तो तळ्यात असेल तर बाहेरचा मासा कशाला?

पण गोव्याच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत, सगळ्यात महाग पडते ती मानशीवरची चूक. मानस म्हणजे बांधातली पाण्याची वाट. तिचे लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. सुंगटे, म्हणजे कोळंबी, समुद्रात अंडी घालतात. त्यांची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, खारफुटीच्या मुळांत आणि उथळ पाण्यात वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्राकडे निघतात. जास्त मासळीच्या लोभाने दार भरतीला उघडे धरले की खारे पाणी शेतात चढते, बांध पोखरतो आणि भाताचे पीक हातचे जाते. बारीक भोकांचे जाळे लावले तर पिल्लेच संपतात. मग खाजनात पोट भरणारी पाणमांजरे आणि बगळे दुसरीकडे जातात. मोठ्या भोकांचे जाळे फक्त ओहोटीला लावायचे आणि फुटका बांध पावसाआधी बुजवायचा, एवढे पाळले तर भात आणि मासळी दोन्ही मिळतात.

खारफुटी लावण्याचा उत्साह चांगला आहे, पण ती हव्या तिथे लावू नये. ओहोटीला उघडा पडणारा चिखल ओसाड दिसतो, तरी त्यात किडे आणि कुर्ल्या भरलेल्या असतात. हिवाळ्यात येणारे कुरल आणि तुतवार हे पक्षी त्यावरच जगतात. रोपे लावायचीच तर जिथे पूर्वी खारफुटी होती आणि तोडली गेली, तिथे लावा.

मानशीच्या मासेमारीचा लिलाव देताना जाळ्याच्या भोकांची आणि बांधाच्या दुरुस्तीची अट टेनंट असोसिएशनने, म्हणजे खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने, लेखी घालून घ्यावी.